सायकेडेलिक थेरपीला किती सेशन लागतात? ठाणे-नवी मुंबईतून सुरुवात करणाऱ्यांसाठी

सायकेडेलिक थेरपी म्हणजे जाणिवा काही वेळ बदलणारं औषध आणि त्यासोबत बोलण्याच्या बैठका, असा मानसिक आजारावरचा उपचार. त्याची पहिल्यांदा चौकशी करणारे लोक बहुतेक एकच आकडा विचारतात: "किती सेशन?" उत्तरात दोन आकडे यायला हवेत. औषध देऊन होणारी सेशन किती, आणि औषधाशिवाय नुसती बोलण्याची सेशन किती. पहिला आकडा लहान असतो: कुठे एक, कुठे तीन, केटामाइन असेल तर सहा. दुसरा बहुतेक वेळा त्याच्याहून मोठा असतो आणि जाहिरातीत तोच गाळलेला असतो. कुठल्याही क्लिनिकमध्ये दोन्ही आकडे कागदावर मिळेपर्यंत ॲडव्हान्स भरू नका.

आधी कायद्याचं

सिलोसायबिन (मॅजिक मशरूममधला घटक), एलएसडी आणि एमडीएमए ('एक्स्टसी') हे तिन्ही पदार्थ १९८५ च्या एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थविरोधी कायद्याच्या यादीत आहेत. ठाण्यात, वाशीत, पनवेलमध्ये किंवा देशात इतरत्र कुठलाही डॉक्टर ते नेहमीच्या उपचारात देऊ शकत नाही. नुसतं जवळ बाळगणं आणि सेवन करणं हाही गुन्हा आहे. गोव्यात किंवा हिमाचलमध्ये "रिट्रीट" भरवून "एका रात्रीत डिप्रेशन साफ" असं सांगणारे भेटतात. तिथे ना ईसीजी काढलेला असतो, ना बीपी बघायला कोणी असतं, आणि मध्यरात्री एखाद्याची अवस्था बिघडली तर पोलिसांच्या भीतीनं त्याला हॉस्पिटलात न्यायला उशीर केला जातो. आमचं स्पष्ट मत आहे की तिकडे जाऊ नये.

आपल्याकडे कायदेशीरपणे मिळतं ते केटामाइन. हे भुलीचं जुनं औषध आहे. एलएसडी किंवा सिलोसायबिनच्या कुळातलं ते नाही. पण कमी मात्रेत दिलं तर शरीर-मनाचा नेहमीचा सांधा काही वेळ सुटतो, म्हणून याच चर्चेत त्याचं नाव येतं. नैराश्यासाठी ते 'ऑफ-लेबल' दिलं जातं, म्हणजे भुलीसाठी मंजूर असलेलं औषध डॉक्टर आपल्या अधिकारात आणि तुमच्या लेखी संमतीनं दुसऱ्या आजारासाठी वापरतात. ते शेड्यूल एक्समध्ये, म्हणजे कडक नियंत्रण असलेल्या औषधांच्या यादीत येतं. घरी आणून स्वतः घ्यायचं हे औषध नव्हे. कोणी घरपोच देऊ करत असेल तर तिथेच थांबा.

बाहेरच्या चाचण्यांमधले आकडे

वाचताना जे आकडे समोर येतात ते बहुतेक परदेशी संशोधनातले असतात. ते कुठून आले हे कळलं की गोंधळ कमी होतो.

एमडीएमए आणि पीटीएसडी (मोठ्या आघातानंतरचा ताण) यावर २०२१ आणि २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, मुख्यतः अमेरिकेतल्या मोठ्या चाचण्यांत औषधाची सेशन फक्त तीन होती. प्रत्येक साधारण ८ तासांचं, मध्ये सुमारे महिन्याचं अंतर. त्याआधी तयारीच्या तीन बैठका आणि प्रत्येक औषध-सेशननंतर तीन, म्हणजे एकूण नऊ इंटिग्रेशनच्या (आलेला अनुभव उलगडून बोलण्याच्या) बैठका, प्रत्येकी दीड तासाच्या. हिशेब केला तर २४ तास औषधाचे आणि १८ तास बोलण्याचे, पंधरा भेटींत मिळून ४२ तास. तीन गोळ्यांत बरा होणारा आजार असं जे ऐकू येतं, त्याच्या मागे हे ४२ तास असतात. इतकं करूनही अमेरिकेच्या एफडीए या औषध नियामक संस्थेनं ऑगस्ट २०२४ मध्ये मंजुरी नाकारली आणि आणखी एक चाचणी मागितली.

सिलोसायबिनमध्ये आकडे याहून लहान आहेत. जॉन्स हॉपकिन्सच्या २०२० मधल्या अभ्यासात औषधाची दोन सेशन आणि त्यासोबत सुमारे ११ तास मानसोपचार होता. २०२२ मध्ये २३३ रुग्णांवरची चाचणी प्रसिद्ध झाली, तिथे तर एकच डोस होता. २५ मिलिग्रॅमच्या गटाला तिसऱ्या आठवड्यात १ मिलिग्रॅमच्या गटापेक्षा स्पष्ट फायदा दिसला, पण बाराव्या आठवड्यापर्यंत तो टिकलेले रुग्ण बरेच कमी होते. ऑस्ट्रेलियात १ जुलै २०२३ पासून विशेष परवानगी असलेले मानसोपचारतज्ज्ञ एमडीएमए आणि सिलोसायबिन ही दोन्ही औषधं ठरावीक आजारांसाठी देऊ शकतात. आपल्याकडे तशी सोय नाही.

केटामाइनचं गणित वेगळं आहे. त्याचा परिणाम लवकर येतो, बऱ्याचदा २४ तासांत, आणि लवकर उतरतो. एका डोसचा फायदा काही दिवस ते आठवडाभर राहतो. म्हणून डोस जवळजवळ द्यावे लागतात. नेहमीचा कोर्स म्हणजे दोन ते तीन आठवड्यांत सहा इन्फ्युजन, म्हणजे सलाईनसारखं शिरेतून थेंबाथेंबानं दिलेलं औषध. २०२३ मध्ये केटामाइन आणि ईसीटी (शॉक ट्रीटमेंट) यांची तुलना करणारी ४०३ रुग्णांची चाचणी प्रसिद्ध झाली. तिथेही आठवड्यातून दोन असं तीन आठवडे, म्हणजे सहाच होते. ५५ टक्के रुग्णांना केटामाइननं आणि ४१ टक्क्यांना ईसीटीनं फायदा झाला. आभास-भ्रम असलेले रुग्ण मात्र त्यात घेतलेले नव्हते.

केटामाइनसोबत बोलण्याची सेशन किती, याचं एकच ठरलेलं प्रमाण नाही. आमचा आग्रह असा असतो: तपासणीच्या २, तयारीच्या २, इन्फ्युजन ६, त्या काळात बोलण्याच्या ३ आणि नंतरच्या महिन्यात ४. एकूण १७ भेटी, साधारण दोन महिने. याच्या निम्म्यात उरकू असं कोणी म्हणालं, तर नेमकं काय वगळणार ते विचारा.

पायरी १: मानसोपचारतज्ज्ञाची तपासणी (१ ते २ भेटी)

सुरुवात केटामाइन देणाऱ्या सेंटरपासून करू नका, मानसोपचारतज्ज्ञापासून करा. ठाणे पश्चिमेचं प्रादेशिक मनोरुग्णालय आहे, नेरूळ आणि कामोठ्याच्या वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांत मानसोपचार विभाग आहेत, खासगी डॉक्टर तर आहेतच. इथे केटामाइन मिळेलच असं नाही. पण तुम्हाला त्याची गरज आहे का, हे इथे कळतं, आणि पहिल्या भेटीचं काम तेच आहे.

केटामाइनचा विचार साधारणपणे तेव्हा होतो, जेव्हा नैराश्याची निदान दोन वेगवेगळी औषधं पुरेशा मात्रेत, प्रत्येकी सहा ते आठ आठवडे घेऊनही फरक पडलेला नसतो. इथेच पुष्कळांची गाडी अडते. फाइल उघडली की दिसतं, पहिली गोळी तीन आठवड्यांत सोडली होती आणि दुसरी कायम सुरुवातीच्याच डोसवर राहिली. अशा वेळी चांगला डॉक्टर आधी ते नीट करून बघतो. तो टाळाटाळ करतोय असं समजू नका.

जाताना जुनी सगळी प्रिस्क्रिप्शन न्या. औषधाचं नाव, डोस, कधीपासून कधीपर्यंत आणि का बंद केलं, असं एका पानावर लिहून नेलं तर अर्धा तास वाचतो. आयुर्वेदिक, होमिओपॅथी आणि झोपेच्या गोळ्याही त्यात लिहा. तपासण्यांत बीपी, ईसीजी, यकृताच्या चाचण्या, थायरॉइड आणि बी-१२ सांगितले जातात. थायरॉइड कमी असेल किंवा बी-१२ घसरलं असेल तर मरगळीचं कारण तिथेही असू शकतं. स्त्रियांना गरोदरपणाची चाचणी सांगतात.

नको म्हणण्याची कारणं स्वच्छ आहेत: आटोक्यात नसलेलं बीपी, रक्तवाहिनीला फुगा असणं, स्किझोफ्रेनिया किंवा पूर्वी आलेला आभास-भ्रमाचा झटका, सध्या चालू असलेला उन्माद, गरोदरपण, यकृताचा गंभीर आजार, नशेचं व्यसन. घरात कोणाला स्किझोफ्रेनिया किंवा बायपोलर असेल तर तेही सांगा. "काकांना पूर्वी काहीतरी झालं होतं, पण घरात त्याबद्दल बोलत नाहीत" एवढीच माहिती असली तरी तीसुद्धा डॉक्टरपर्यंत पोचली पाहिजे.

पायरी २: तयारी (२ बैठका)

या बैठका क्लिनिकल सायकॉलॉजिस्टसोबत असतात. त्यांचा आरसीआय (भारतीय पुनर्वसन परिषद) नोंदणी क्रमांक विचारायला संकोच करू नका. "हीलर", "फॅसिलिटेटर", "माइंड कोच" यांच्यामागे कुठलीही कायदेशीर नोंदणी नसते.

पहिल्या बैठकीत तुमचा त्रास नेमका काय हे ठरतं आणि पीएचक्यू-९ ही नऊ प्रश्नांची चाचणी भरून घेतली जाते. गुण ० ते २७. हा सुरुवातीचा आकडा जपून ठेवा, पुढचे सगळे निर्णय त्याच्याशी ताडून होतात. दुसऱ्या बैठकीत सेशनमध्ये काय जाणवेल, भीती वाटली तर काय करायचं, खांद्यावर हात ठेवलेला चालेल का, सोबत कोण येणार, हे बोलून घेतलं जातं. काहीतरी दिव्य दिसेल अशा अपेक्षेनं लोक येतात. पुष्कळांना काहीच दिसत नाही आणि तरी गुण खाली येतात, म्हणून ती अपेक्षा इथेच बाजूला ठेवायला शिकवलं जातं.

चालू औषधांचंही इथेच ठरतं. नैराश्याच्या नेहमीच्या गोळ्या केटामाइनसाठी सहसा बंद करत नाहीत. परदेशी लेखांत "आधी गोळ्या सोडा" असं असतं ते सिलोसायबिन आणि एमडीएमएच्या चाचण्यांबद्दल, तेही डॉक्टरांच्या देखरेखीखाली. ते वाचून परस्पर गोळ्या थांबवल्या तर चक्कर, चिडचिड, झोपमोड सुरू होते आणि मूळ आजारही उसळतो. क्लोनाझेपाम किंवा अल्प्राझोलामसारख्या चिंता-झोपेच्या गोळ्यांनी केटामाइनचा परिणाम कमी होऊ शकतो, म्हणून आदल्या रात्री घ्यायची की नाही हे विचारून घ्या.

पायरी ३: इन्फ्युजनचा दिवस (असे ६)

नेहमीची मात्रा वजनाच्या दर किलोला ०.५ मिलिग्रॅम, ४० मिनिटांत थेंबाथेंबानं. ६० किलोच्या माणसाला ३० मिलिग्रॅम. भुलीसाठी शिरेतून दिल्या जाणाऱ्या मात्रेपेक्षा हे बरंच कमी आहे, म्हणून माणूस जागा असतो. तरीही हे काम ऑक्सिजन, मॉनिटर आणि भूलतज्ज्ञ किंवा तसं प्रशिक्षण असलेला डॉक्टर हजर असलेल्या जागीच व्हायला हवं.

खाणं सहा तास आधी बंद, पाणी दोन तास आधी बंद. दुपारी १ चं सेशन असेल तर सकाळी ६ ला पोहे-चहा आणि ११ पर्यंत पाणी. उपवासाचा दिवस असेल तर साबुदाण्याची खिचडी हलकी धरू नका, तीही सहा तासांच्याच हिशेबात घ्या. निर्जळी उपास असेल तर तारीख बदला. सैल बाह्यांचा कपडा घाला आणि सुई लागण्याआधी लघवीला जाऊन या. हे क्षुल्लक वाटतं, पण मध्येच उठायची वेळ आली की सगळं विस्कटतं.

खोलीत गेल्यावर बीपी बघतात. १४०/९० च्या वर असेल तर थोडा वेळ शांत पडायला सांगतात आणि पुन्हा मोजतात. तरी उतरलं नाही तर त्या दिवशी सेशन नाही. ठाणे-बेलापूर रोडच्या ट्रॅफिकमधून धावतपळत आलेल्या माणसाचं बीपी पहिल्या मोजणीत चढलेलं असतंच, म्हणून अर्धा तास आधी पोचा. मग हाताला सलाईनची सुई, बोटाला ऑक्सिजनचा चिमटा, दंडाला बीपीचा पट्टा. डोळ्यांवर पट्टी, कानात शब्द नसलेलं संगीत. ओळखीची गाणी नकोत, ती आठवणींना ठरावीक दिशेला ओढतात.

दहा-पंधरा मिनिटांत हातपाय हलके वाटू लागतात, ओठ बधिर होतात, बाहेरचे आवाज लांबून आल्यासारखे येतात. वेळेचा अंदाज सुटतो. काहींना आपण स्वतःकडे थोडं वरून बघतोय असं वाटतं. या वेळी डोकं हलवलं किंवा मोबाइल बघितला की मळमळ उसळते, म्हणून मान स्थिर ठेवायची. उलटीचं इंजेक्शन आधीच मागून घेता येतं. घाबरायला झालं तर तोंडानं सांगा. बोलता येत नसेल तर हात वर करायचा, ही खूण तयारीच्या बैठकीतच ठरवून ठेवा. औषध सोडणारा पंप थांबवला की थोड्या वेळात परिणाम ओसरू लागतो, आणि हे आधी माहीत असलं की निम्मी भीती तिथेच जाते.

४० मिनिटांनंतर आणखी एक ते दोन तास तिथेच थांबायचं. बीपी उतरल्याशिवाय आणि चालताना तोल सावरल्याशिवाय सोडत नाहीत. म्हणजे येणं-जाणं सोडून साडेतीन-चार तास धरा. दुसऱ्या दिवशी सकाळी झोपून उठेपर्यंत गाडी चालवायची नाही, स्कूटरही नाही. सोबत सज्ञान व्यक्ती हवीच. ती नसेल तर चांगलं सेंटर सेशन देत नाही, आणि तेच बरोबर आहे. परतीला संध्याकाळची ट्रान्स-हार्बर लोकल किंवा ठाणे स्टेशनच्या पुलावरची गर्दी टाळा. रिक्षा किंवा कॅब करा, खिडकी उघडी ठेवा, एक पिशवी हाताशी असू द्या. घोडबंदर रोडवर राहणाऱ्यांनी सकाळचा स्लॉट मागावा, म्हणजे संध्याकाळच्या कोंडीत अडकायची वेळ येत नाही. त्या दिवशी दारू नाही, कुठल्या कागदावर सही नाही, नात्यातला कुठला मोठा निर्णय नाही.

पायरी ४: मधल्या बोलण्याच्या बैठका

याला इंटिग्रेशन म्हणतात. त्याच संध्याकाळी ठेवू नका, माणूस गुंगीत असतो. २४ ते ४८ तासांत ठेवा. त्याआधी घरी वहीत पाच-सहा ओळी पुरतात: काय जाणवलं, शरीरात कुठे जाणवलं, काय आठवलं. अर्थ लावायची घाई नको.

समजा एखाद्यानं लिहिलं, "बाबांचा आवाज ऐकू आला, नेहमीसारखा राग नाही आला." बैठकीत सायकॉलॉजिस्ट त्या एका ओळीवर थांबते. आवाज काय म्हणत होता, राग नव्हता तर काय होतं, आणि आज तेच आठवलं तर छातीत काय होतं? शेवटी या आठवड्यात करायची एकच गोष्ट ठरते, लहान आणि तारखेची. "नातं सुधारीन" असं मोघम ठरवून उपयोग नाही. "रविवारी सकाळी ७ ला बाबांसोबत उपवनला एक फेरी, विषय काहीही" असं हवं. पुढच्या भेटीत ती फेरी झाली का, नसेल तर कशामुळे अडली, इथून सुरुवात होते. सेशनमध्ये आलेला मोकळेपणा काही दिवसांत आटतो. तो असतानाच रोजच्या वागण्यातलं काहीतरी हललं, तर औषध उतरल्यावरही हातात काही उरतं. म्हणून आम्ही या बैठकांवर इतके अडून बसतो.

घर लहान आहे, वही लिहायला एकांत नाही, सासू-सासरे "कसली ट्रीटमेंट?" विचारतात, या अडचणी खऱ्या आहेत. "डॉक्टरांनी सलाईन लावायला सांगितलंय, संध्याकाळी विश्रांती हवी" एवढं खरं सांगणं बहुतेक घरांत पुरतं. घरातल्या एका तरी माणसाला मात्र पूर्ण माहिती द्या.

तारखा कशा बसवाव्यात

पहिल्या तीन आठवड्यांत खंड पडू देऊ नका. पहिल्याच इन्फ्युजननंतर बरं वाटून "आता काय गरज" म्हणत थांबणारे आणि आठवड्याभरात पुन्हा खाली घसरणारे पुष्कळ असतात. मंगळवार-शुक्रवार अशी जोडी सोयीची पडते, शुक्रवारनंतर विश्रांतीला शनिवार-रविवार मिळतात. गणपतीच्या आठवड्यात किंवा मुलांच्या परीक्षेत सुरुवात नको. जुलै-ऑगस्टमध्ये कोर्स घेत असाल तर पाणी साचून सेशन बुडालं तर पुढच्या दोन दिवसांत जागा मिळेल का, हे आधीच विचारून ठेवा. दोन सेशन ओळीनं बुडाली तर पुढं कसं जायचं हे डॉक्टरांनाच ठरवू द्या.

पैशांचं

बिलात या गोष्टी वेगवेगळ्या लिहून मागा: इन्फ्युजनचा दर, भूलतज्ज्ञाची फी, डे-केअर बेड, तपासण्या, सायकॉलॉजिस्टची फी. "पॅकेज"मध्ये शेवटची गोष्ट नसते आणि मग लोक तीच वाचवतात. सहाचे पैसे एकदम मागितले तर तिसऱ्यानंतर थांबल्यास परतावा किती, हे लेखी घ्या. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानुसार विमा कंपनीनं मानसिक आजाराला शारीरिक आजाराइतकंच संरक्षण द्यायचं आहे. पण ऑफ-लेबल उपचार आणि २४ तासांपेक्षा कमी मुक्काम या मुद्द्यांवर दावा अडू शकतो. टीपीएकडून (विम्याचे दावे हाताळणाऱ्या कंपनीकडून) आधी लेखी उत्तर मागवा.

पायरी ५: चालू ठेवायचं की थांबायचं

दर इन्फ्युजनआधी पीएचक्यू-९ पुन्हा भरा. गुण सुरुवातीच्या निम्म्यावर आले तर उपचार लागू पडतोय. ५ च्या खाली गेले तर लक्षणं जवळपास गेली. तीन-चार इन्फ्युजननंतर आकडा जागचा हलत नसेल तर डॉक्टरांसोबत थांबण्याचा विचार करा. अनुभव "खोल" यावा म्हणून मात्रा वाढवत नेणं चुकीचं आहे. अनुभव किती तीव्र होता यावर गुण किती उतरतील हे ठरतंच असं नाही.

नवव्या प्रश्नाचं उत्तर, म्हणजे जगणं नकोसं वाटणं, कधीही वाढलं तर पुढच्या तारखेची वाट पाहू नका. जवळच्या रुग्णालयाच्या इमर्जन्सीत जा किंवा टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ वर फोन करा. तो २४ तास चालतो आणि मराठीत बोलता येतं.

फायदा झाला तर सहाव्यानंतर काहींना आठवड्यानं, मग पंधरवड्यानं, मग महिन्यानं एक अशी इन्फ्युजन लागतात. काहींना एकही लागत नाही, नेहमीच्या गोळ्या आणि बोलण्याच्या बैठका पुरतात. हे पुढं चालू राहिलं तर लघवीला जळजळ, वारंवार जावं लागणं किंवा रक्त दिसणं लगेच सांगा. केटामाइन वारंवार घेतल्यानं मूत्राशयाला सूज येऊ शकते. दोन सेशनच्या मधल्या दिवसांत औषधाची ओढ वाटू लागली, तर तेही न लपवता सांगा.

फायदा झाला नाही, तर पीएचक्यू-९ चे सगळे कागद घेऊन पहिल्या मानसोपचारतज्ज्ञाकडे परत जा. ईसीटी, आरटीएमएस (डोक्यावरून चुंबकीय लहरी देऊन केलेला उपचार), गोळ्यांना लिथियमची जोड हे पर्याय उरलेले असतात, आणि त्या आकड्यांवरून पुढचा पर्याय निवडणं डॉक्टरांना सोपं जातं.